सरबताच्या गाडीचा डाव: गिऱ्हाइकाच्या मनातला भाव कसा शोधायचा

लिंबू सरबत विकायच्या गेममध्ये पडद्यावर फारसं काही घडत नाही. आज हवा कशी आहे ते कळतं, हातात थोडे पैसे असतात आणि तीन-चार प्रश्न येतात: किती ग्लास करणार, जाहिरातीच्या किती पाट्या लावणार, ग्लासमागे काय भाव घेणार. आकडे भरायचे, एंटर दाबायचं, हिशेब बघायचा. ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर वाशी येईपर्यंत आठवडाभराचं दुकान आरामात चालवून होतं.

बहुतेक लोक मात्र हा गेम अंदाजपंचे खेळतात. ऊन दिसलं की भाव चढव, गिऱ्हाईक आटलं की भाव पाड, पैसे आले की सगळ्याचा माल भर. गल्ला वाढतोही, पण कशामुळे वाढला ते कळत नाही, म्हणून पुढच्या डावात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्या मते या सगळ्या गेमांत शोधायची गोष्ट एकच: गिऱ्हाइकाच्या मनातला भाव, म्हणजे ज्याच्या वर गेलं की गिऱ्हाईक पळायला लागतं तो. तो सापडला की ग्लास किती, पाट्या किती, बर्फ किती हे प्रश्न गुणाकार-वजाबाकीवर येतात.

गेम कुठला घ्यायचा?

‘लेमनेड स्टँड’ या नावाचे गेम ढीगभर आहेत, पण खेळायच्या दृष्टीनं दोन घराणी. पहिलं म्हणजे मूळ गेम. तो अमेरिकेतल्या मिनेसोटा एज्युकेशनल कम्प्युटिंग कन्सॉर्शियम या संस्थेतल्या बॉब जेमिसननं १९७३ साली तयार केला. शाळेतल्या मुलांना धंद्याचं गणित कळावं हा हेतू. १९७९ मध्ये चार्ली केल्नरनं तो ‘ॲपल टू’ या कॉम्प्युटरवर आणला, आणि पुढे ऐंशीच्या दशकात ॲपल कंपनी आपल्या मशीनबरोबर तो देत असे. आज तो इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर ब्राउझरमध्येच चालवता येतो. आकडे टाइप करायचे असतात, त्यामुळे फोनपेक्षा कॉम्प्युटरवर बरा.

दुसरं घराणं म्हणजे ब्राउझरमधले रंगीत गेम. कूलमॅथ गेम्स या वेबसाइटवरचा त्यातला सगळ्यांत ओळखीचा. यात लिंबं, साखर, बर्फ आणि कागदी ग्लास वेगवेगळे विकत घ्यावे लागतात आणि सरबताची कृतीही आपणच ठरवायची असते.

आधी जुना खेळा. दिसायला रुक्ष आहे, पण त्यात लपवाछपवी कमी, त्यामुळे गणित उघडं पडतं.

जुना डाव

सुरुवातीला दोन डॉलर मिळतात, म्हणजे २०० सेंट. एका पाटीचा खर्च १५ सेंट. पहिले दोन दिवस एक ग्लास सरबत २ सेंटला पडतं. तिसऱ्या दिवशी गेम सांगतो की आईनं साखर फुकट द्यायचं बंद केलं, आणि ग्लास ४ सेंटवर जातो. सातव्या दिवशी कच्चा माल महागतो आणि ग्लास ५ सेंटला पडायला लागतो. उरलेलं सरबत दुसऱ्या दिवशी चालत नाही, रोज फेकायचं.

पहिल्या दिवशी एक गोष्ट पाळा: विकलं जाईल असं वाटतं त्यापेक्षा थोडं जास्त करा. सगळं संपलं तर आनंद होतो खरा, पण आणखी किती लोक रिकाम्या हातानं गेले हे गेम सांगत नाही. ५० ग्लास केले आणि ५० विकले, तर मागणी ५० होती की ९०, हे कधीच कळणार नाही. ६० केले आणि ५३ विकले, तर मागणी नेमकी ५३ हे पक्कं. ही माहिती विकत घ्यायची तर ग्लास २ सेंटला पडतोय तेव्हाच घ्यावी. सात ग्लास वाया गेले म्हणजे १४ सेंट. आठवड्यानंतर तेच शिक्षण ३५ सेंटला पडेल.

आता भाव. गेमच्या प्रोग्रॅममध्ये गिऱ्हाइकाच्या मनातला भाव १० सेंट धरलेला आहे आणि त्या भावाला, एकही पाटी न लावता, साध्या उन्हाच्या दिवशी ३० गिऱ्हाइकं येतात. भाव त्याच्या खाली नेला तर गिऱ्हाईक वाढतं, पण हळूहळू. ५ सेंट, म्हणजे निम्म्या भावात दिलं, तरी ३० चे फक्त ४२ होतात. वर नेला तर मात्र गिऱ्हाईक भावाच्या वर्गाच्या प्रमाणात पळतं. दुप्पट भाव लावला की एक चतुर्थांश उरतं, म्हणजे साडेसात.

तीन पाट्या आणि २ सेंटचा ग्लास धरून हिशेब मांडला तर दिवसाचा नफा असा पडतो. ५ सेंट भावाला १७७ सेंट. ९ ला ३५४. १० ला ३७९. ११ ला ३५१. १२ ला ३२५. आणि २० ला १८९. दहाच्या दोन्ही बाजूंना उतार आहे, आणि गंमत म्हणजे निम्म्या भावात आणि दुप्पट भावात जवळपास सारखंच नुकसान होतं. ग्लास ४ किंवा ५ सेंटला पडायला लागला तरी सर्वोत्तम भाव १० च राहतो. आपला खर्च वाढला म्हणून गिऱ्हाइकाचं मन बदलत नाही. खर्च वाढला की भाव चढवायचा ही आपली पहिली ऊर्मी असते. या गेममध्ये तो खर्च मुकाट्यानं नफ्यातून जाऊ द्यावा लागतो.

उन्हाचंही तसंच. हवामानात ‘कडक आणि कोरडं’ असं आलं की गिऱ्हाईक दुप्पट होतं. शेजारची सातवीतली मुलगी माझ्याबरोबर खेळत होती, तिनं लगेच फर्मान काढलं, “काका, इतकं ऊन आहे, वीसला द्या ना!” मी म्हटलं, मांड हिशेब. पाच पाट्या, ग्लास ५ सेंटला. वीसच्या भावानं २८ ग्लास जातात आणि नफा ३४५. पंधराला ५१ ग्लास, नफा ४३५. दहाला ११५ ग्लास आणि नफा ५००. तिनं कागद माझ्याकडून ओढून घेतला, स्वतः पुन्हा गुणाकार केला आणि म्हणाली, “मग ऊन कशाला पाहिजे?” ऊन पाहिजे ते जास्त ग्लास करायला. कडक दिवसाचा फायदा भावात नाही, संख्येत आहे, आणि त्या दिवशी नेहमीचे ५३ ग्लास करून बसणाऱ्याला उन्हाचा काडीचा उपयोग नाही.

पाट्यांचा नियम जाहिरात करणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल: पहिली पाटी सगळ्यांत जास्त काम करते, पुढची प्रत्येक कमी. १० सेंट भाव आणि साधं ऊन असताना पाटी नसेल तर ३० ग्लास जातात. एक लावली की ४१, दोनला ४८, तीनला ५३, चारला ५५, पाचला ५७. कितीही पाट्या लावा, ६० च्या पलीकडे जात नाही. चौथ्या पाटीनं दोन ग्लास वाढवले आणि ती स्वतः १५ सेंट खाऊन गेली, तर ती लावायची कशाला? म्हणून साध्या उन्हात तीन पाट्या. कडक उन्हात गिऱ्हाईकच दुप्पट असल्यामुळे पाचवीही अंगावर येत नाही. ढगाळ दिवशी दोन, आणि पावसाची शक्यता फार असेल तर एक किंवा एकही नाही.

ढगाळ दिवशी गेम पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतो. ४० टक्के म्हटलं की गिऱ्हाईक साधारण ६० टक्के येणार असं धरा. म्हणजे दोन पाट्यांवर सुमारे २९ ग्लास. मी त्यातही थोडे कमी करतो, कारण अशाच दिवशी कधीकधी वादळी पाऊस येतो आणि केलेलं सगळं वाहून जातं. तेव्हा एक ग्लासही विकला जात नाही.

कमी करायचे की जास्त, यासाठी एक सोपा काटा आहे. एक ग्लास उरला तर किती बुडतात आणि एक गिऱ्हाईक हुकलं तर किती बुडतात, एवढंच बघायचं. पहिल्या दोन दिवसांत ग्लास उरला तर २ सेंट जातात, गिऱ्हाईक हुकलं तर ८ सेंट. तेव्हा सढळ हातानं करा. सातव्या दिवसानंतर दोन्हीकडे ५ सेंट. आता मागणीचा मधला अंदाज पकडा, एका बाजूला झुकू नका.

रस्त्याच्या कामाची सूचना हा या गेममधला एकमेव जुगार. पालिकेचे लोक रस्ता खणायला आले की रहदारी बंद, गाडीसमोर शुकशुकाट. पण कधीकधी तेच कामगार दुपारी येऊन सगळं सरबत संपवतात. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला यातला पहिला भाग समजावून सांगायची गरज नाही. अशा दिवशी पाट्या अजिबात लावू नका, रस्त्यावर वाचायला कुणी नसतं. ग्लास तेवढेच करा जेवढे फुकट गेले तरी उद्याचा माल भरता येईल.

मागणीचे आकडे कळल्यावर नव्यानं डाव मांडला की पहिला दिवस असा दिसतो: ५३ ग्लास १०६ सेंटचे, तीन पाट्या ४५ च्या, खर्च १५१. विक्री ५३०. हातात २०० होते ते ५७९ झाले. दुसऱ्या दिवसापासून पैशाची चणचण संपते, आणि खरं सांगायचं तर गेमही थोडा संपतो. मनातला भाव कायमचा दहावर खिळवलेला असल्यामुळे एकदा तो कळला की शोधायला काही राहत नाही. म्हणून पुढचा डाव.

ब्राउझरमधला डाव

इथे वीस डॉलरचं भांडवल असतं. मनातला भाव स्थिर नाही, तो तापमान, सरबताची चव आणि आपलं नाव यांवर हलतो. त्यामुळे वही लागतेच. फोनवर खेळत असाल तर नोट्समध्ये लिहा, पण लिहा: तापमान, हवा, भाव, लिंबं-साखर-बर्फ किती, किती विकले, किती लोक न घेता गेले, गल्ला. चार-पाच दिवसांच्या नोंदी झाल्या की गेम दुसऱ्याच नजरेनं दिसायला लागतो.

सुरुवातीलाच एक अडचण येते, ती तापमानाची. आकडा फॅरनहाइटमध्ये असतो. ठाण्याच्या माणसाला ६० वाचून अंगाला चटका बसेल, पण ते जेमतेम साडेपंधरा अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडे स्वेटर शोधायची हवा. ७० म्हणजे २१, ८० म्हणजे सुमारे २७, ९० म्हणजे ३२, आणि १०० म्हणजे जवळपास ३८. सरबताचा दिवस ८० च्या पुढे सुरू होतो असं धरून चला. ६० च्या खाली माल कमी भरा आणि भाव उतरवा.

पहिल्या दिवशी वीसचे वीस डॉलर खर्च करू नका. निम्म्याच्या आत भागवा. कृती आधीच भरलेली असते: एका भांड्याला चार लिंबं, चार वाट्या साखर, ग्लासमागे चार बर्फाचे तुकडे, भाव २५ सेंट. पहिल्या दिवशी त्याला हात न लावता चालवा, म्हणजे तुलनेला एक आधार मिळतो.

दुसऱ्या दिवसापासून कृती बदला, पण एका वेळी एकच गोष्ट. लिंबं वाढवली तर साखर तशीच ठेवा. दोन्ही बदलून गिऱ्हाईक वाढलं तर श्रेय कुणाला द्यायचं? आणि तुलना सारख्या हवेच्या दिवसांशीच करा. काल ९२ होतं आणि आज ६४, तर गिऱ्हाईक घटल्याचा दोष बिचाऱ्या लिंबाला लावू नका. चव सुधारली की पडद्यावरची गिऱ्हाइकाच्या समाधानाची पट्टी वर जाते, त्यामागून नाव होतं, नावामागून गर्दी येते. हा क्रम उलटा चालत नाही. चव जमायच्या आत भाव चढवणाऱ्याकडे मग गर्दी फिरकतच नाही.

बर्फाकडे मी सगळ्यांत जास्त लक्ष देतो. लिंबं एकदम नासत नाहीत, साखर बऱ्यापैकी टिकते, कागदी ग्लासाला तर काहीच होत नाही. बर्फ मात्र रोज रात्री पूर्ण वितळतो. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेतलं आणि निम्मं वितळलं, तर ते महागच पडलं. आधी किती ग्लास विकायचे ते ठरवा, त्याला ग्लासमागच्या तुकड्यांनी गुणा आणि जवळचं पाकीट घ्या. ६० ग्लास आणि चार-चार तुकडे म्हणजे २४०. अडीचशेचं पाकीट पुरे. ग्लासात बर्फ जास्त टाकला की एका भांड्यातून जास्त ग्लास निघतात, कारण जागा बर्फानं भरते. कडक दिवशी हे दोन्हीकडून फायद्याचं: गिऱ्हाईक खूश आणि लिंबं कमी. थंड दिवशी बर्फ कमी करा, नाहीतर लोक नाक मुरडतात.

हे कळायला स्टेशनबाहेरच्या सरबताच्या गाडीपाशी पाच मिनिटं थांबावं. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळलेली असते, आणि गाडीवाला दिवसभर ती उघडी ठेवत नाही. लागेल तेवढाच तुकडा फोडतो, उरलेल्यावर लगेच गोणपाट ओढतो. दुपारी ग्लास अर्धा बर्फानं भरतो. संध्याकाळी ऊन उतरलं की तोच ग्लास दोन खड्यांवर येतो आणि गाडीवाला नवी लादी मागवत नाही, आहे ती पुरवतो. लिंबं महागली तरी पाटीवरचा भाव तो लगेच खोडत नाही. फोडी लहान होतात, मिठा-साखरेचा हात जरा सैल होतो. गेममध्ये हे शेवटचं चालत नाही, समाधानाची पट्टी ताबडतोब खाली येते. गाडीवाल्याला ते चालतं, कारण त्याचं निम्मं गिऱ्हाईक गाडी पकडायच्या घाईत असतं.

खरेदीचा साधा नियम असा: जे टिकतं ते घाऊक, जे वितळतं ते रोजचं. ग्लासांचं मोठं पाकीट बिनधास्त घ्या. साखर मधल्या मापाची. लिंबं दोन दिवस पुरतील एवढी. बर्फ त्याच दिवसाचा. आणि ग्लास संपल्यामुळे विक्री थांबली असं होऊ देऊ नका. बर्फ कमी पडला तर निदान उन्हाला दोष देता येतो, ग्लास संपला तर कुणाला देणार?

भावाकडे आता वळा, चव जमल्यावर. पाच-पाच सेंटच्या पायऱ्यांनी वर जा आणि नुसती विक्री न बघता न घेता गेलेली माणसंही बघा. समजा २५ सेंटला ६० ग्लास गेले, १५ डॉलर आले. दुसऱ्या दिवशी तशाच हवेत ३० सेंटला ५२ च गेले. आकडा घसरला म्हणून घाबरू नका, १५ डॉलर ६० सेंट आले, शिवाय आठ ग्लासांचा माल वाचला. ३५ ला जर ४० वर आलं तर १४ डॉलर, म्हणजे मनातला भाव तिसाच्या आसपास आहे. जुन्या डावाच्या उलट इथे कडक उन्हात भाव चढवता येतो आणि नाव झालं की आणखी चढवता येतो. कालचा मनातला भाव आज तोच असेल याची खात्री नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एक पायरी वर जाऊन हात लावून बघायचा.

किती दिवस खेळायचं हे सुरुवातीलाच ठरलेलं असतं, त्याचा उपयोग करा. शेवटचे तीन दिवस घाऊक खरेदी बंद. उरलेली लिंबं मोजून तेवढीच भांडी करा. शेवटच्या दिवशी भाव दोन पायऱ्या चढवायला हरकत नाही, कारण बिघडलेलं नाव वापरायला उद्या शिल्लक नाही. प्रत्यक्षातला धंदा असा केला तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पण गेमची मुदत संपतेय.

याहून मोठा गेम हवा असेल तर २००२ मधला ‘लेमनेड टायकून’ आहे. त्यात जागेचं भाडं, जाहिरात आणि यंत्रं येतात. जागा बदलली की गिऱ्हाईक बदलतं, एवढंच तिथे नवं शिकण्यासारखं. बाकी तत्त्व तेच.

कागदावरचा ठाण्याचा डाव

जुन्या गेमची खोट ही की मनातला भाव कायम एकच. ती दूर करायला मी घरी खेळण्यासाठी कागदावरचा डाव बांधला. मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांबरोबर चांगला रंगतो. वीज गेली तरी चालतो.

दोन ते पाच खेळाडू आणि एक मोठं माणूस ‘बाजार’. प्रत्येकाला खेळातले ५०० रुपये. सात दिवस. एक ग्लास ८ रुपयांना पडतो, चौथ्या दिवसापासून १० ला, कारण वाशीच्या मार्केटात लिंबू महागलं. जागा तीन. तलावपाळी: भाडं रोज ६०, नेहमीचं गिऱ्हाईक ४०. वाशीचा शिवाजी चौक: भाडं ३०, गिऱ्हाईक ३०. सोसायटीचं गेट: भाडं नाही, गिऱ्हाईक २०. बाजारानं सुरुवातीलाच तीन चिठ्ठ्यांवर प्रत्येक जागेचा मनातला भाव लिहून झाकून ठेवायचा, १८ ते २५ रुपयांमधला कुठलाही.

रोज सकाळी बाजार फासा टाकतो. १ ते ४ पडलं तर “ऊन” म्हणायचं, ५ किंवा ६ ला “ढग”. खेळाडू जागा, ग्लासांची संख्या आणि भाव कागदावर लिहून बाजाराकडे देतात. लिहून झाल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, नाहीतर धाकटे थोरल्यांची नक्कल करतात. मग ढगाच्या दिवशी दुसरा फासा: १-२ ला वळीव आला, सगळं वाया. ३ ते ६ ला गिऱ्हाईक निम्मं.

आता बाजाराचं काम. भाव मनातल्या भावाइतका असेल तर नेहमीचं गिऱ्हाईक. प्रत्येक रुपया जास्त असेल तर दहा टक्के गिऱ्हाईक कमी, म्हणजे तलावपाळीला चार, शिवाजी चौकात तीन, गेटवर दोन. प्रत्येक रुपया कमी असेल तर फक्त एक गिऱ्हाईक जास्त. एकाच जागी दोघे आले तर स्वस्त भाववाल्याला आधी गिऱ्हाईक, उरलेलं दुसऱ्याला. भाव सारखा असेल तर निम्मं-निम्मं. बाजार प्रत्येकाला फक्त किती ग्लास विकले एवढंच सांगतो. मागणी किती होती ते सांगायचं नाही.

इथेच मुलांची जुगलबंदी सुरू होते. २० ग्लास करून २० विकणारा खूश होतो आणि त्याला काहीच कळलेलं नसतं. ४० करून ३२ विकणारा तोंड पाडतो, पण तलावपाळीचा आकडा जवळजवळ त्याच्या हातात आलेला असतो. दोन दिवसांत हे हुशार मुलांच्या लक्षात येतं, मग ती मुद्दाम जास्त करतात आणि उरलेले ग्लास मोजून हसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे एका जागी गर्दी करतात, भावाची कापाकापी सुरू होते, आणि गेटवर एकटा बसलेला शांतपणे पुढे निघून जातो.

बाजार बनणाऱ्यासाठी एक सूचना. १८ चा मनातला भाव आणि १० चा खर्च असेल, तर रुपयाभर चढा भाव लावणं थोडं फायद्याचं ठरतं: शिवाजी चौकात १८ ला ३० ग्लास, भाडं वगळून नफा २४०. १९ ला २७ ग्लास, नफा २४३. कुणी हे शोधून काढलं तर वाद घालू नका, बरोबर आहे. आणि शेवटी फक्त रोख मोजायची. उरलेल्या ग्लासांचे पैसे धरायचे नाहीत, कुणी कितीही भांडलं तरी.